ड्रायव्हर निर्दोष सुटला तर भरपाई बुडते का? अपघाती मृत्यूनंतरची दोन वेगळी प्रकरणे

प्रश्न असा आहे. मोठा भाऊ, वय ३४, दुचाकीवरून कामावरून घरी येत असताना मागून आलेल्या ट्रकने धडक दिली आणि तो जागीच गेला. मागे वहिनी, दोन लहान मुले आणि आई. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पण ड्रायव्हर लगेच जामिनावर सुटला. घटनेला चार महिने झाले. नातेवाइकांतले काही जण म्हणतात, फौजदारी केसचा निकाल लागल्याशिवाय भरपाई मागता येत नाही आणि ड्रायव्हर निर्दोष सुटला तर एक रुपयाही मिळणार नाही. काही जण म्हणतात, भरपाई घेतली की केस सोडून द्यावी लागते. यातले खरे काय?

दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. आधी थेट सल्ला देतो: फौजदारी केसच्या निकालासाठी एक दिवसही थांबू नका, आणि भरपाईचा अर्ज केला म्हणून फौजदारी केसकडे पाठही फिरवू नका. मी अपघात दाव्यांत अर्जदारांच्या बाजूने काम करतो आणि फौजदारी कोर्टातही उभा राहतो. ही दोन कामे एकमेकांपासून किती वेगळी आहेत आणि कुठे घट्ट जोडलेली आहेत, हे न कळल्यामुळे चांगले दावे कमजोर झालेले मी पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फौजदारी खटला चालतो तो महाराष्ट्र शासन विरुद्ध ड्रायव्हर असा. तुम्ही फिर्याद दिली असली तरी त्या खटल्याचे मालक तुम्ही नाही. तुम्ही साक्षीदार. खटला सरकारी वकील चालवतात, आणि कोर्टापुढचा प्रश्न एवढाच असतो की या माणसाने गुन्हा केला का आणि केला असेल तर त्याला शिक्षा किती द्यायची. वहिनींचे घर कसे चालणार, हा त्या कोर्टापुढचा मुख्य प्रश्नच नाही. भरपाईचा अर्ज मात्र तुमच्या घरच्यांचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपण ज्याला एमएसीटी म्हणतो तिथे, वहिनी, मुले आणि आई अर्जदार होतील. ड्रायव्हर, ट्रकमालक आणि विमा कंपनी सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे ते, होतील. तिथे विचारले जाईल: चूक कोणाची होती, या कुटुंबाचे काय गेले, आणि ते कोणी भरून द्यायचे.

ड्रायव्हर लगेच सुटला याचा तुम्हाला त्रास झाला आहे, ते तुमच्या लिहिण्यातून जाणवते. पण त्यातून केसच्या ताकदीबद्दल काहीच ठरत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या अपघातांना भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागते. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये कमाल दोनच वर्षे होती. शिक्षा वाढली, तरी गुन्हा जामीनपात्रच राहिला. जामीन हा त्याचा हक्क आहे, पोलिसांनी केलेली मेहेरबानी नव्हे.

आता मुख्य मुद्दा, पुराव्याचा. फौजदारी कोर्टात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. शंकेला जागा राहिली की तिचा फायदा आरोपीला. माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते, म्हणून ही पट्टी उंच आहे आणि ती तशीच असायला हवी. न्यायाधिकरणात मात्र ‘संभाव्यतेचे पारडे’ पाहतात: दोन्ही बाजूंचे ऐकून, अपघात ट्रकच्या चुकीने झाला असण्याची शक्यता जास्त दिसते का? दिसत असेल तर पुरे. त्यामुळे तोच अपघात, तेच पंचनामे, तेच साक्षीदार, आणि दोन कोर्टांचे दोन निकाल, यात काहीही विसंगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० मध्येच एन. के. व्ही. ब्रदर्स खटल्यात स्वच्छ सांगितले. रात्रीच्या प्रवासात एका बसला उच्च दाबाच्या विजेच्या तारेचा स्पर्श झाला. २६ जण सापडले, त्यातले आठ मेले. फौजदारी कोर्टाने ही दैवी आपत्ती मानून ड्रायव्हरला निर्दोष सोडले. बसमालकाने हाच निकाल भरपाईच्या प्रकरणात पुढे केला. न्यायालयाने तो धरला नाही: फौजदारी गुन्ह्याला लागणारी हयगय वेगळी, नुकसानभरपाईला लागणारी वेगळी, आणि निर्दोष सुटकेने दुसरी पुसली जात नाही. आजही विमा कंपनीचा वकील निर्दोषत्वाचा निकाल दाखल करतो तेव्हा आम्ही हाच निवाडा पुढे ठेवतो.

कुणाल साहा प्रकरण तर याहून बोलके आहे. १९९८ मध्ये भारतात सुट्टीवर आलेल्या त्यांच्या पत्नीचा औषधोपचारांतल्या चुकांमुळे मृत्यू झाला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच निकालपत्रात दोन्ही बाजूंचा फैसला केला: डॉक्टरांवरचा फौजदारी आरोप टिकला नाही, पण दिवाणी अर्थाने हयगय झाली असे ठरवून भरपाईचा आकडा काढण्यासाठी प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे परत पाठवले. २०१३ मध्ये अखेर सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपये आणि त्यावर व्याज मंजूर झाले. डॉक्टरांच्या बाबतीत तर जेकब मॅथ्यू खटल्यापासून (२००५) नियमच आहे की फौजदारी जबाबदारीसाठी हयगय ढोबळ, फार वरच्या दर्जाची असावी लागते. भरपाईसाठी एवढी गरज नाही.

आणि प्रत्यक्षात ड्रायव्हर निर्दोष का सुटतात ते बघा. साक्ष होते अपघातानंतर काही वर्षांनी. पानटपरीवाला साक्षीदार तोवर गाव सोडून गेलेला असतो किंवा फितूर होतो. पंच म्हणतो, सही माझी आहे पण काय लिहिले होते ते आठवत नाही. सगळ्यांत जास्त वेळा अडते ते ओळखीवर: ट्रक हाच होता हे सिद्ध होते, पण त्या क्षणी स्टिअरिंगवर हाच माणूस होता हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. फौजदारी खटला तिथेच संपतो. भरपाईच्या प्रकरणात हा मुद्दा जवळजवळ निरुपद्रवी आहे, कारण तिथे पैसे द्यायची जबाबदारी मालकावर आणि त्याच्यामार्फत विमा कंपनीवर येते. नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीला मालक जबाबदार, या तत्त्वावर. मालकाला त्या अपघातासाठी तुरुंगात पाठवता येत नाही, पण पैसे मात्र त्यालाच भरावे लागतात.

आणखी एक फरक साक्षीच्या पिंजऱ्यातला. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही. संविधानाचे कलम २०(३) त्याला गप्प राहण्याचा हक्क देते आणि त्या गप्प राहण्यावरून त्याला दोषी धरता येत नाही. न्यायाधिकरणात तोच ड्रायव्हर सामनेवाला असतो. अपघात कसा झाला हे सर्वांत चांगले त्यालाच माहीत, आणि तो साक्षीला आलाच नाही तर न्यायाधिकरण त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. तसेच आरोपी खटला सुरू असताना वारला तर फौजदारी केस तिथेच संपते, कारण मेलेल्या माणसाला शिक्षा देता येत नाही. मालकाविरुद्धचा आणि विमा कंपनीविरुद्धचा दावा मात्र चालूच राहतो.

उलट बाजूने विचारले जाते: ड्रायव्हरला शिक्षा झाली तर भरपाई आपोआप मिळते का? नाही. वहिनींना तरीही उत्पन्न, अवलंबित्व, सगळे शाबित करावे लागेल. ड्रायव्हरने दंडाधिकाऱ्यासमोर गुन्हा कबूल केला असेल तर ती कबुली मात्र उपयोगी पडते. त्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची, आणि निकालाची प्रमाणित नकल काढून ठेवा.

दोन प्रकरणे स्वतंत्र आहेत खरी, पण भरपाईचा दावा उभा राहतो तो पोलिसांच्याच कागदांवर. वहिनी साक्षीला उभ्या राहिल्या की विमा कंपनीच्या वकिलाचा ठरलेला प्रश्न येतो: “तुम्ही अपघात स्वतः पाहिलेला नाही, हे खरे आहे का?” उत्तर खरे तेच द्यायचे, “नाही पाहिला.” त्यावर दावा पडत नाही, कारण मग बोलतात ते कागद: प्रथम खबर, घटनास्थळ पंचनामा, त्यातला नकाशा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, दोषारोपपत्र. घसरण्याच्या खुणा रस्त्याच्या कोणत्या बाजूला, दुचाकीचे नुकसान मागून की समोरून, ट्रकचा बंपर कुठे चेपला, हे मोजमापासकट पंचनाम्यात असेल तर निम्मे काम झाले. म्हणून तपास चालू असताना पोलीस ठाण्यात जाऊन विचारपूस करत राहा, सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी जप्त करा असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

दोन ठिकाणी फार जपायला लागते. एक, प्रथम खबरीत ‘अज्ञात वाहन’ लिहिले गेले आणि ट्रकचा नंबर काही आठवड्यांनी आला, तर विमा कंपनी म्हणणारच की वाहन नंतर घुसवले आहे. नंबर कसा मिळाला, कोणी सांगितला, त्याचा जबाब कधी झाला, ही साखळी कागदावर दिसली पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. कधी कधी ट्रकवालाच आधी पोलीस ठाण्यात पोचतो आणि गुन्हा मयत दुचाकीस्वारावरच नोंदवला जातो. आरोपी मयत म्हणून पोलीस ‘अबेटेड समरी’ पाठवतात आणि फाइल बंद. घरच्यांना पत्ताच नसतो. तुमच्या प्रकरणात गुन्हा कोणाविरुद्ध आहे ते प्रथम खबरीच्या प्रतीवर स्वतः वाचून खात्री करा. तसे झाले असेल तर दावा संपलेला नाही, पण मग प्रत्यक्षदर्शी साक्षीदार स्वतः उभा करावा लागतो.

आता पैशांचे. शिक्षा ठरते ती आरोपीच्या कृत्यावरून. भरपाई ठरते ती तुमच्या घरातून काय गेले त्यावरून. त्याचे गणित सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिले आहे. समजा दादांचा पगार महिना २५,००० रुपये होता आणि नोकरी कायम स्वरूपाची नव्हती. वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे: ३५,०००. अवलंबित चार, म्हणून त्यांचा स्वतःवरचा खर्च एक चतुर्थांश वजा: २६,२५०. वर्षाचे ३,१५,०००. वय ३१ ते ३५ साठी गुणक १६. म्हणजे ५०,४०,००० रुपये. यात अंत्यविधीचा खर्च, मयताच्या संपत्तीत पडलेली तूट (‘लॉस ऑफ इस्टेट’) आणि सहवासाचे नुकसान हे ठरावीक आकडे वाढतात. सहवासाची रक्कम पत्नीलाच नव्हे, मुलांना आणि आईलाही स्वतंत्र धरतात. वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. नोकरी कायम असती तर ४० ऐवजी ५० टक्के मिळवले असते. म्हणून नेमणूकपत्र, पगारपत्रके, बँकेचा उतारा, प्राप्तिकर विवरणपत्र, जे असेल ते गोळा करा. लेखी पुरावा नसला की उत्पन्न अंदाजाने धरले जाते, आणि अंदाज बहुधा कमीच असतो.

‘जिवाची किंमत घेतली’ हे शब्द ज्या घरांत बोलले जातात तिथे मी हेच गणित मांडून दाखवतो. यात दादांच्या जिवाचा आकडा कुठेच नाही. मुलांच्या शाळेचे, आईच्या औषधांचे, घराच्या हप्त्याचे पैसे जे ते आणत होते, तेवढेच आहेत. ते मुलांच्या हक्काचे आहेत. मोठ्यांनी भावनेच्या भरात ते सोडून देऊ नयेत असे मला मनापासून वाटते.

चूक काही अंशी दादांचीही होती असे ठरले तर? फौजदारी खटल्यात मयताचीही चूक होती एवढ्यावर आरोपी सुटत नाही. भरपाईत मात्र तेवढा हिस्सा कापला जातो: २० टक्के चूक धरली तर वरच्या ५०.४० लाखांतून १०.०८ लाख कमी. विमा कंपनी हा बचाव जवळपास प्रत्येक प्रकरणात घेते. लायसन नव्हते किंवा दुचाकीवर तिघे होते, एवढ्यावरून मात्र आपोआप चूक ठरत नाही. त्या गोष्टीमुळेच अपघात घडला हे दाखवावे लागते.

तुम्ही स्वतः भाऊ म्हणून अर्जदार होऊ शकता का, असेही विचारले आहे. १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा दावा फक्त पती-पत्नी, आईवडील आणि मुलांपुरता ठेवतो, भावंडांना नाही. मोटार वाहन कायद्यात ‘कायदेशीर प्रतिनिधी’ हा शब्द आहे आणि न्यायालयांनी तो उदारपणे वाचला आहे. अवलंबित असलेल्या भावालाही तिथे जागा मिळू शकते. पण पत्नी, मुले, आई हयात असताना तुम्ही त्यात शिरून रकमेचे वाटे वाढवू नका. साक्षीदार म्हणून उभे राहा, धावपळ करा.

हा १८५५ चा कायदा आजही जिवंत आहे. मोटार वाहनाशी संबंध नसलेला मृत्यू, म्हणजे भिंत कोसळून वगैरे, असेल तर त्याखाली दिवाणी दावा लावता येतो, मृत्यूपासून दोन वर्षांत. कृत्य फौजदारी गुन्हा असले तरी दावा चालतो, असे त्याच्या पहिल्याच तरतुदीत म्हटले आहे. विजेच्या तुटलेल्या तारेने माणूस गेला तर वीज कंपनीची चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. तिची जबाबदारी कठोर आहे, हे २००२ मध्ये ठरलेले आहे. रेल्वे आणि कामगार भरपाईची न्यायाधिकरणे व मुदती वेगळ्या.

तुमच्या बाबतीत मुदत फार महत्त्वाची आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. चार गेले. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पोलिसांनी पाठवलेला सविस्तर अपघात अहवालही न्यायाधिकरण अर्ज म्हणून घेऊ शकते, तरी स्वतःचा अर्ज दाखल करावाच. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही. वहिनी राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो.

याच टप्प्यावर कोणी पाच लाखांचा प्रस्ताव घेऊन आले तर सही करण्याआधी थांबा. त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी पाच लाख मिळतात. पैसे लवकर मिळतात म्हणून मोह होतो. पण कलम १४९ च्या पद्धतीने, म्हणजे विमा कंपनीचा तडजोडीचा प्रस्ताव मान्य करून, ती रक्कम स्वीकारली की १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. चूक दाखवता येण्यासारखी नसेल तर ही तरतूद मोठा आधार आहे. तुमच्या प्रकरणात, ट्रक मागून आलेला असताना, ती घेणे म्हणजे पन्नास लाखांवर पाणी सोडणे.

फौजदारी कोर्टालाही दोषी आरोपीकडून कुटुंबाला रक्कम द्यायला लावता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली. ती सहसा लहान असते आणि भरपाईच्या प्रकरणात तिची दखल घेतली जाते, म्हणजे तेच नुकसान दोनदा मिळत नाही. त्या खटल्यात तुमचे स्थान अगदीच दुय्यमही नाही: सरकारी वकिलांना साहाय्य करायला कोर्टाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो, आणि आरोपी निर्दोष सुटला तर मयताच्या वारसांना पीडित म्हणून अपील करता येते.

शेवटी तडजोड. विमा कंपनी बहुधा लोकअदालतीत आकडा सुचवेल. वरचे गणित समोर ठेवून तो तपासा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तडजोड झाली तरी फौजदारी खटला मिटत नाही. कलम १०६ चा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही, घरच्यांची तक्रार नसली तरीही. म्हणून तडजोडीच्या पुरसिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, वहिनींची सही होण्याआधी ती ओळ न ओळ वाचा. ‘ड्रायव्हरविरुद्ध तक्रार नाही’, ‘अपघात कोणाच्या चुकीने झाला हे माहीत नाही’ असे एखादे वाक्य त्यात घुसवलेले असेल तर ते खोडायला लावा. भरपाईसाठी त्या वाक्याची काहीच गरज नसते, आणि फौजदारी कोर्टात उलटतपासाला तेच वाक्य तुमच्यासमोर धरले जाते.